पुढची फळी

चाळीस वर्षं लोकांचे पियानो सुरात लावून संसार चालवलेली आई स्वतःसाठी पियानो घ्यायला मुलाबरोबर दुकानात आली. विक्रेता मात्र सगळं मुलालाच सांगत होता. "शंभर वर्षांचा आहे साहेब, पण आतूनसुद्धा नवाकोरा केलाय." आईने एक पट्टी दाबली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पुढची फळी काढा." "काकू, आतलं तुम्हाला काय कळणार?" विक्रेता हसला. मुलगा ओशाळला. "आई, राहू दे ना." आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने स्वतःच फळी उतरवली. तारा पेलणारं लाकूड उभं तडकलं होतं. भेगेत लांबी भरून पॉलिश फासलं होतं. "असला पियानो गळ्यात मारता?" विक्रेता फळी बसवायला धावला, आईने ती सोडली नाही. शेजारच्या पियानोसाठी सही करणाऱ्या जोडप्याला ती म्हणाली, "पेन खाली ठेवा, बाळांनो. तुमचाही उघडून बघू."