घड्याळजींची मार्टिनी

मार्टिनी ढवळायची, डब्यात घालून हलवायची नाही, हलवली की गढूळ होते, हा घड्याळजींचा घरातला कायदा. आजारातून उठल्यावर आज पहिल्यांदाच त्यांनी जिन आणि वर्मुथ वाइन बर्फावर ओतून लांब चमचा धरला, तर काचेवर टकटक सुरू झाली. हाताची थरथर थांबेना. चमचा खाली ठेवून ते पुटपुटले, “संपलं आमचं.” बायकोने झाकणाचा डबा पुढे सरकवला. “मग हलवा की. हात आयताच हलतोय.” “थट्टा सुचतेय? तुला ढवळलेलीच आवडते ना?” “मला त्या मेलीची चवच कधी आवडली नाही.” घड्याळजींनी मान वर केली. “मग इतकी वर्षं समोर कशाला बसायचीस?” “तुमचा हात बघायला. दिवसभर तो लोकांच्या घड्याळांत अडकलेला. संध्याकाळी तेवढा माझ्यासाठी चालायचा.” तिने डबा त्यांच्या ओंजळीत ठेवला. “आणि हे हलवायला दोन्ही हात लागतात. माझा फायदाच आहे.”