दात्यांची यादी

सोलापुरातल्या एका रक्तपेढीची वेबसाइट सकाळपासून रुसली होती. पान उघडायचं, पण रक्तदात्यांची नावं यायची नाहीत. नावं टेबलाखालच्या डेटाबेसच्या संगणकात होती आणि वेबसाइटला तिथवर पोचताच येत नव्हतं. दुरुस्तीला आलेली दानेश्वरी दहा वाजल्यापासून खुर्चीवरून उठली नव्हती.

समोरच्या बाकावर ईश्वरप्पा बसले होते. ओ निगेटिव्ह रक्तासाठी त्यांच्या नातीचं ऑपरेशन अडलं होतं.

"ताई, लई येळ लागंल का?"

"होतंय अज्जा. तोवर चहा तरी घ्या की."

"पोरीला रक्त मिळू दे, मग दोघं मिळून घेऊ."

बिघाड सापडेनासा झाला की दानेश्वरी वेबसाइट आणि डेटाबेस यांच्यामधली वायर मुद्दाम काढून बघायची. वायर नसताना वेबसाइटनं 'जोडणी नाही' असंच म्हणायला हवं. तिनं वाकून वायर उपसली, टेबलावर ठेवली आणि 'ओ निगेटिव्ह' शोधलं.

यादी आली.

यादीत एकच नाव होतं, तिचं. फोन नंबरही तिचाच. तिनं आजवर कधी रक्त दिलं नव्हतं, रक्तगटसुद्धा तपासला नव्हता. पुढच्या रकान्यात लिहिलं होतं: 'रक्त दिले, आज, अकरा वाजून दहा मिनिटे.'

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते.

आतून नर्स बाहेर आली. "आजोबा, पिशवी तयार आहे. चला."

ईश्वरप्पांनी दानेश्वरीला हात जोडले. "लई उपकार झाले, ताई."

दानेश्वरीनं सावकाश बाही वर सरकवली. कोपराच्या घडीत चिकटपट्टीखाली कापसाचा बोळा होता. तो अजून ओला होता.