आपण

“आपण सगळ्यांनी मिळून हा प्रश्न सोडवायचा आहे,” इंजिनिअर माइकमध्ये म्हणाला.

पहिल्या बाकावरून पिठाच्या गिरणीवाल्या काकांनी विचारलं, “आपण म्हणजे कोण रे?”

शाळेचा हॉल गच्च भरला होता. ज्यांना बाक मिळाले नाहीत ते मागच्या भिंतीला पाठ टेकून उभे होते. पडद्यावर एक हिरवंगार चित्र होतं. गावामागची बंद पडलेली दगडांची खाण, तिच्यावर गवत, गवतावर बाक, बाकावर हसरं कुटुंब. खाली ‘हरित टेकडी’ असं लिहिलं होतं. शहराचा कचरा त्या खाणीत टाकायचा, वर्षानुवर्षं टाकत राहायचा, आणि खाण भरली की वर गवत लावायचं, एवढाच त्याचा अर्थ होता. हसऱ्या कुटुंबातलं कोणी गावातलं दिसत नव्हतं.

इंजिनिअर याच शाळेत शिकलेला. गावात त्याला अजून बारक्याच म्हणत. म्हणून तर साहेबांनी त्याला पाठवलं होतं. तुझं ऐकतील, म्हणाले होते. कोणाची हरकत नाही, एवढं त्याने फोनवर कळवलं की सोमवारपासून गाड्या सुरू होणार होत्या. तसं कळवलं नाही तर त्याच्या नोकरीचं काय होईल, तेही साहेबांनी हसत हसत सांगून ठेवलं होतं.

पहिल्या बाकाच्या टोकाला त्याची थोरली बहीण बसली होती. गावाचा कारभार तिच्याकडे होता. तिच्या शेजारची जागा रिकामी होती, पण तिथे तिने पिशवी ठेवली होती. आल्या आल्या तो सवयीने तिकडे वळला, तेव्हा तिने पिशवी हलवली नाही. साहेबांनी उभं राहूनच बोलावं, असं म्हणाली. धाकट्या भावाला ती पहिल्यांदाच साहेब म्हणाली होती.

“आपण म्हणजे आपण, काका. तुम्ही, मी, शहर, गाव. कचरा आपला आहे, तर जबाबदारीही आपलीच.”

काकांनी समजूतदारपणे मान डोलावली. त्यांच्या घरी, ते म्हणाले, भाजीची देठं शेळी खाते, शेळीच्या लेंड्या शेताला जातात, आणि बाटली फुटेपर्यंत तिच्यात तेल असतं. आपला म्हणावा असा कचरा गावभर हिंडून गोळा केला तरी एक टोपली भरायची मारामार. ती टोपली ते स्वतः डोक्यावरून खाणीत नेऊन टाकायला तयार होते. तेवढ्यासाठी बारक्याने मोटार घेऊन यायची गरज नव्हती.

हशा पिकला. इंजिनिअरही हसला, पण त्याचे कान लाल झाले. त्याने पुढची चित्रं लावली. आपल्याला कामं मिळतील. आपला रस्ता रुंद होईल. प्रत्येक ‘आपला’ला मागून कोणीतरी “कोणाचा?” म्हणायचं, की पुन्हा हशा. ताई हसत नव्हती. तिने एकच विचारलं. खाणीच्या तळाशी झरा आहे, त्याचंच पाणी आमच्या विहिरींना येतं, त्याचं काय? तू पोहायला शिकलास तो त्याच पाण्यात, हेही ती म्हणाली. तळाला जाड अस्तर घालणार असल्याचं त्याने सांगितलं. ते किती टिकेल, ते सांगितलं नाही.

“मग दुसरीकडे टाका की,” भिंतीपाशी उभा असलेला ट्रॅक्टरवाला म्हणाला.

“अरे, टाकणार कुठे?” इंजिनिअरचा आवाज चढला, तसा माइकही किंचाळला. “आमच्याकडे एक दिवस गाडी आली नाही तर जिना उतरता येत नाही. आमच्याकडे जागा आहे कुठे? तुम्हा लोकांना इथे बसून काय कळणार?”

हसणं थांबलं. आपण काय बोलून गेलो ते त्याला उशिरा कळलं.

“बरं झालं,” ताई म्हणाली. “मघापासून आपण-आपण चाललं होतं. शेवटी आमच्या-तुमच्यावर आलास. आता बोलता येईल.”

ती उठली, पण भाषण तिने केलं नाही. कचरा तुमचा आहे, तर तुमच्या दारात ठेवा, म्हणाली. दारात राहिला की कमी कसा करायचा ते आपोआप सुचेल. आमची खाण तुम्हाला रिकामी दिसते. ती रिकामी नाही, तिच्यात आमचं पाणी आहे. मग तिने हॉलकडे वळून विचारलं, कोणाला हवाय? एकही हात वर झाला नाही. कोणाला नकोय, हे विचारायची वेळच आली नाही. बाकांवरचे सगळे उठून उभे राहिले. काकांना गुडघ्यांमुळे वेळ लागला.

इंजिनिअर तर आधीपासूनच उभा होता.

टेबलावरचा फोन वाजला. त्याने तो उचलला, गडबडीत स्पीकर चालू झाला, माइक दुसऱ्या हातात तसाच तोंडाशी राहिला, आणि साहेबांचा आवाज हॉलभर घुमला.

“झालं का? ते लोक काय म्हणतायत? हरकत नाही ना?”

इंजिनिअरचा अंगठा माइकच्या बटणावर गेला. तिथेच थांबला.

“नको म्हणतोय, साहेब.”

“कोण नको म्हणतंय?”

“आम्ही.”

“आम्ही? आम्ही म्हणजे कोण?”

“आम्ही म्हणजे तुम्हाला सोडून, साहेब.”

ताई बाकावर बसली आणि शेजारची पिशवी उचलून तिने मांडीवर घेतली.