गुडघाभर भिंत
दुसऱ्यांची घरं बांधता बांधता गवंड्याचे केस पिकले, पण स्वतःच्या वाढीव खोलीची भिंत तीन वर्षं गुडघ्याशीच अडली होती. कंबर धरली, काम थांबलं ते थांबलंच. आज सुट्टीच्या दिवशी त्यानं कसंबसं अंग उचललं, शेवाळ खरवडलं आणि पाणसळ ठेवली. घाईत बसवलेला वरचा थर बोटभर कललेला निघाला. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर त्यानं शिव्या हासडल्या असत्या. स्वतःला काय बोलणार? थर उतरवला, विटा तासून भिजवल्या, पुन्हा बसवल्या. संध्याकाळी बायको चहा घेऊन आली. "दिवसभर केलंत काय? भिंत होती तेवढीच! पहिले पाढे पंचावन्न." "तेवढीच आहे," तो कंबर चोळत म्हणाला, "पण आता वर चढवता येईल." तिनं वाकून पाहिलं. पाणसळीतला बुडबुडा बरोबर मधोमध होता. ती उद्याच्या विटा भिजवायला निघाली.