नकारातील नाव

किरगिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकमध्ये राहणारी बेगायम स्वयंसेवकांनी घडविलेल्या मुक्त-स्रोत किरगिझ कळफलकाची राखणदार होती; कोणाचा कोड घ्यायचा, कोणाचा नाकारायचा हे तीच ठरवी. थोरल्या दिरांनी पाठविलेला कोड तिने अडवून ठेवला, कारण त्यामुळे खास किरगिझ स्वरांऐवजी रशियन स्वर उमटत. दीर तडक घरी आले. “सूनबाई, जुन्या फोनवर निदान चालेल तरी! नाकारायचं तर प्रकल्पाच्या नियमाप्रमाणे माझं नाव लिहून नाकार.” ते मिशीत हसले. सुनेने थोरल्या दिराचे नाव उच्चारू नये, लिहूही नये, ही कुळाची रीत होती. “पेचात पकडता होय, भावजी?” नवरा बोरसोक, कणकेचे तळलेले गोळे, चघळत राहिला. बेगायमने दिरांचाच कोड चालवून नकारात त्यांचे नाव टंकले. नावातले किरगिझ स्वर रशियन होऊन उमटले. “हे माझं नाव नव्हे!” “म्हणूनच लिहिता आलं, भावजी.” दीर टोपी उचलून निघाले. नवऱ्याने संगणकाचे झाकण मिटले. “आता ईदला त्यांच्या दारात आपण कोणत्या तोंडाने जायचं?”