लाइनवरचा माणूस

दप्तर खांद्यावरून उतरवायच्या आतच नातीला दिसलं: आजोबांचे दोन्ही हात टेबलापासून लांब, आणि माउसचा बाण मात्र स्क्रीनवर आपला आपणच हिंडतोय. कोपऱ्यात लालभडक इशारा, त्याखाली ठळक फोन नंबर.

आजोबा रिसीव्हर कानाला लावून ताठ बसले होते.

“कुणाशी बोलताय?”

“शू! कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय. कंपनीचे साहेब काढतायत.”

“आजोबा, चोर आहे तो! खरी कंपनी असा लाल फलक लावून नंबर देत नाही. ठेवा फोन!”

“साहेब, माफ करा हं,” आजोबा फोनमध्ये म्हणाले. “नात आहे. तोंडाची तोफ, पण मनाने चांगली.”

मग रिसीव्हरवर तळवा दाबून तिच्यावर डाफरले, “समोरचा बोलत असताना आपण ठेवायचा नसतो!”

अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. ते वळण हाडात मुरलेलं.

“तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे आहेत खात्यात!”

“म्हणून तर बँकेचं पान उघडलंय त्यांनी. पैसे सुरक्षित करतायत. घरात बोलू नका म्हणाले, उगाच घाबरतील.”

“मोबाइलवर आलेले आकडे सांगितलेत त्याला?”

“भिंग लावून,” आजोबांचा चेहरा उजळला. “एकही चुकला नाही.”

तिने प्लग उपटला. स्क्रीन काळी झाली. रिसीव्हर हिसकावून तिने आपटला तेव्हा आजोबा असे दचकले, जणू तिने कुणाच्या थोबाडीत मारली.

“असा तोंडावर आपटलास? काय वाटलं असेल त्यांना!”

ती उत्तर द्यायला थांबली नाही. कार्डाच्या मागचा नंबर शोधून तिने बँकेला फोन लावला. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई गोड आवाजात म्हणाली आणि धून वाजू लागली.

टेबलावर मोबाइल थरथरला. पैसे गेल्याचा मेसेज. पाठोपाठ दुसरा.

“उचला ना! उचला ना कुणीतरी!” ती रडकुंडीला आली. परत लावून बघावं म्हणून तिचा हात फोन ठेवायला गेला.

आजोबांनी तो हात धरला. तिच्या डोळ्यांतलं पाणी त्यांना दिसलं नसावं.

“ठेवू नकोस गं,” ते समजावत म्हणाले. “पलीकडे कुणीतरी बसलेलं असतंच.”

धून संपली, आणि परत पहिल्यापासून सुरू झाली.