नवी पट्टी

करवत मशीनच्या पात्याभोवतीची लाकडी पट्टी झिजली होती. रुंदावलेल्या फटीत चिपा अडकायच्या. नमिताने सागाची नवी कोरी पट्टी बसवली, घट्ट दाबून ठेवली आणि फिरतं पातं खालून हळूहळू वर आणलं. पात्याने आपल्यापुरतीच वाट कापली.

पट्टीचं हे काम आप्पांनी, तिच्या वडिलांनी, आजवर कुणाला करू दिलं नव्हतं. त्यांनी टेबल आणि पट्टीच्या सांध्यावरून नख फिरवलं. ते कुठेच अडलं नाही. पुन्हा फिरवलं. पण कौतुक करायचं म्हटलं की आप्पांच्या तोंडाला कुलूप.

तेवढ्यात दारातून गिऱ्हाइकाने त्यांना हाक मारली, "मिस्त्री, दरवाजाचं माप घ्यायला कधी येताय?"

आप्पांनी लेकीकडे बोट दाखवलं. "मला काय विचारताय? मिस्त्री मशीनवर आहेत."